भिवंडीच्या गोडाऊनमध्ये डब्ल्यूएमएस: पावसाळा, जीएसटी बदल आणि दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

आमचं काम सीएफएचं, म्हणजे कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटचं. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर, बिस्किटं, चहा असा सगळा मिश्र माल कंपनीकडून येतो आणि डिस्ट्रिब्युटर, मॉलच्या साखळ्या, क्विक कॉमर्सवाले यांना जातो. गोडाऊन भिवंडीत, मानकोली ते पडघा या पट्ट्यात. २०२५ च्या पावसाळ्याआधी आम्ही क्लाउडवर चालणारी वेअरहाऊस मॅनेजमेंट सिस्टिम (डब्ल्यूएमएस), म्हणजे गोडाऊनमधला माल सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतली. त्यानंतर तिने पावसाळा पाहिला, २२ सप्टेंबरचा जीएसटी बदल पाहिला, दिवाळीचं लोडिंग पाहिलं, आणि मंथएंड तर दर महिन्याला असतोच. आता तिच्याबद्दल ठामपणे बोलता येईल. सिस्टिम देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि नूतनीकरणाची बोलणी अजून चालू आहेत.

मत आधीच सांगतो. आपल्या धंद्यात अशी सिस्टिम घ्यावीच. घेताना मात्र डेमोतले रंगीत डॅशबोर्ड बाजूला ठेवायला सांगा आणि एकच प्रश्न विचारा: एकाच कोडचा माल दोन बॅचचा आणि दोन एमआरपीचा असेल, तर तुमची सिस्टिम तो शेवटच्या पेटीपर्यंत वेगळा ओळखते का? बाकी सगळं नंतर जमवून घेता येतं. हे नसेल तर काहीच जमत नाही.

आधी पद्धत काय होती ते सांगितलं पाहिजे. माल बनवणाऱ्या कंपनीच्या सॅपमध्ये, म्हणजे तिच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, साठा दिसायचा, पण किती आहे एवढाच. कुठे आहे ते सुपरवायझरच्या डोक्यात. कोणत्या थप्पीमागे जुनी बॅच अडकली आहे, ऑफर पॅक कोणत्या कोपऱ्यात लावला आहे, हे तोच सांगणार. तो सुट्टीवर गेला की गाडी डॉकवर उभी राहायची. २०१७ च्या आधी हे चालून जायचं, कारण सीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा केंद्रीय कर) वाचवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यात छोटे डेपो ठेवत आणि एका डेपोतला माल एका माणसाच्या लक्षात राहण्याइतकाच असे. जीएसटीनंतर डेपो एकत्र झाले, गोडाऊनं मोठी झाली, रॅक चार-पाच मजले वर गेले, आणि माणसाच्या आठवणीवर चालणारी पद्धत तिथेच संपली. आम्ही त्यानंतरही काही वर्षं ती ओढली. डॅमेज आणि एक्सपायरीच्या नोंदी पाहिल्या की त्याची किंमत कळते.

आता त्या एका प्रश्नाकडे येतो. आपला माल कोडने ओळखला जातो असं बाहेरच्यांना वाटतं. पेटीवरचा १४ आकडी बारकोड वाचला तर एवढंच कळतं की हा अमुक साबण, अमुक वजनाचा, पेटीत इतके नग. बॅच कोणती, कधी बनला, एमआरपी काय, यातलं त्या बारकोडात काहीही नसतं. ते पेटीवर शाईने छापलेलं असतं आणि ते डोळ्यांनी वाचून भरावं लागतं. बॅच आणि तारीख पोटात घेणारं जीएसवन-१२८ प्रकारचं बारकोड लेबल काही कारखाने पॅलेटवर (पेट्या रचायच्या फळीवर) लावतात, पण आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या मालावर ते नसतं. त्यामुळे गाडी उतरताना जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, करणाऱ्याने बॅच, उत्पादनाचा महिना आणि एमआरपी नीट भरली, तरच पुढचं सगळं खरं. आम्ही पॅलेटवर आमचं स्वतःचं लेबल लावतो आणि ही तिन्ही माहिती त्या लेबलाला जोडतो. एकदा ते झालं की पुढे कुणालाही पेटी वाचत बसावं लागत नाही.

एमआरपी कुठे ठेवायची यावरून सुरुवातीलाच वाद झाला. सिस्टिम देणाऱ्यांनी ती आयटम मास्टरमध्ये ठेवली होती, म्हणजे एका वस्तूला एकच एमआरपी. परदेशातल्या मालाला ते चालत असेल. आपल्याकडे पॅकवर एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि किंमत बदलली की जुना आणि नवा माल महिनोन्‌महिने शेजारी शेजारी असतो. आम्ही अडून बसलो, जादा पैसे मोजले आणि एमआरपी बॅचच्या पातळीवर घ्यायला लावली. त्या पैशांवरून तेव्हा घरात, म्हणजे भागीदारांमध्ये, बरीच कुरकुर झाली.

मग सप्टेंबर आला. १५ ऑगस्टलाच दर कमी होणार अशी घोषणा झाली होती. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला आणि डिस्ट्रिब्युटरांनी माल उचलणं जवळपास थांबवलं. दर उतरणार हे माहीत असताना कोण उचलेल? कारखान्यातून गाड्या येतच होत्या. गोडाऊन छतापर्यंत भरलं. २२ तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी, साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल आणि बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ वरच राहिली. कराचा भाग सॅप आणि बिलिंगने सांभाळला, तो डब्ल्यूएमएसचा विषय नाही. पण एमआरपीचा सगळा भार गोडाऊनवर आला. जुन्या मालावर सुधारित किमतीचं स्टिकर लावणं सरकारने ऐच्छिक ठेवलं होतं, आणि जुनं छापील पॅकिंग ३१ मार्च २०२६ पर्यंत वापरायची मुभा दिली होती. काही कंपन्यांनी स्टिकर लावायला सांगितलं, काहींनी नाही. म्हणजे एकाच शाम्पूचे तीन प्रकार एकाच छपराखाली: जुन्या किमतीचा, जुना पण स्टिकर लावलेला, आणि नव्या छपाईचा. कोड तिन्हींचा एकच.

इथे ते जादा पैसे वसूल झाले. पिकलिस्ट (कोणता माल कुठून काढायचा त्याची यादी) काढताना कोणत्या एमआरपीचा माल कोणत्या ग्राहकाला जायचा ते ठरवता येत होतं. मॉलच्या एका साखळीने स्टिकरचा माल नको म्हटलं, तर तिच्या नावापुढे नियम लावला आणि विषय संपला. हॅन्डहेल्डवर (हातातल्या स्कॅनरवर) चुकीच्या एमआरपीचं पॅलेट स्कॅन केलं की लाल स्क्रीन येऊन काम अडायचं. आमच्याच पट्ट्यातल्या काही गोडाऊनमध्ये त्या दिवसांत अख्ख्या गाड्या परत आल्याचं ऐकलं. बिलावर एक किंमत आणि पेटीत दुसरी. आमच्याकडे असं झालं नाही, आणि त्याचं श्रेय मी निःसंकोचपणे या सिस्टिमला देतो.

पण तिची सर्वांत मोठी उणीवही त्याच आठवड्यांत कळली. स्टिकर लावणं हे काम तिला माहीतच नाही. माल तोच, बॅच तीच, जागा तीच, फक्त एमआरपी बदलली, असा व्यवहार तिच्यात नाही. त्यामुळे स्टिकर लावलेलं प्रत्येक पॅलेट कागदावर बाहेर काढायचं आणि नव्याने आत घ्यायचं. तसं केलं की आवक तारीख आजची पडते. महिनोन्‌महिने पडून असलेला माल एजिंग रिपोर्टमध्ये (कोणता माल किती दिवस पडून आहे त्या अहवालात) ताजा दिसू लागतो. पिकिंग एक्सपायरीवर चालत असल्याने माल चुकीचा गेला नाही, पण कंपनीच्या ऑडिटरला समजावताना नाकी नऊ आले. ऐन नवरात्रात सपोर्टला फोन केला तर तिकीट नंबर मिळाला आणि उत्तर दिवाळीनंतर. हे मला अजूनही पटलेलं नाही. आपल्या धंद्याचा अर्धा जीव सणांच्या महिन्यांत असतो आणि नेमका तेव्हाच सपोर्ट मंद होतो.

वजनाचंही तसंच. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत न हलवता काही कंपन्यांनी आतला माल वाढवला. पेटीचं वजन बदललं. मास्टरमध्ये वजन एकच राहत असल्याने गाडी भरण्याचा हिशेब चुकत होता, तो आता बॅचप्रमाणे घेतात. ही सुधारणा मात्र त्यांनी लवकर दिली.

एक्सपायरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण विकणारे लोक ‘फेफो आहे’ एवढं म्हणून पुढे सरकतात. ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढा, हा नियम बरोबर आहे, पण तो सगळ्यांना सारखा लावला तर गोंधळ होतो. आमच्याकडच्या एका साखळीला दोन तृतीयांश शेल्फ लाइफ शिल्लक असलेलाच माल चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा पाहणाऱ्या एफएसएसएआयने ई-कॉमर्सवाल्यांना सांगितलं की, खाद्यपदार्थ ग्राहकाच्या हातात पडताना किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत उरलेली हवी. तेव्हापासून क्विक कॉमर्सवाले आमच्या डॉकवर आणखी कडक झाले. गावाकडचा स्टॉकिस्ट, ज्याचा माल आठवड्यात खपतो, त्याला एवढी अट नसते. म्हणून नियम ग्राहकाप्रमाणे हवा: याला इतकी मुदत उरलेला माल चालेल, आणि त्या मर्यादेत सर्वांत जुना काढ. आमच्या सिस्टिममध्ये हे आहे आणि उत्तम चालतं. माझ्या मते सिस्टिमचे पैसे इथेच वसूल होतात. एक्सपायरीत जाणारा माल आता डोळ्यांत भरेल इतका कमी झाला आहे. साबणासारख्या मालावर मुदतीची तारीख नसून ‘उत्पादनापासून इतके महिने’ एवढंच छापलेलं असतं. त्याची तारीख सिस्टिम स्वतः काढते का, हेही पाहून घ्या.

जागा ठरवण्याचे नियमही चांगले आहेत. चहा आणि बिस्किटं साबणाशेजारी ठेवली की वास लागतो. मच्छर अगरबत्तीसारखा माल खाण्याच्या वस्तूंजवळ येता कामा नये. हे गट एकदा भरून दिले की पुटअवे करताना, म्हणजे आलेला माल जागी लावताना, सिस्टिम चुकीची जागा सुचवतच नाही. नवखा मुलगाही पहिल्या दिवसापासून माल बरोबर जागी लावतो.

आता माणसांबद्दल. आमच्याकडे माल चढवणं-उतरवणं माथाडी टोळीकडे आहे. त्यांची मजुरी कामावर. प्रत्येक पेटीला थांबून स्कॅन करायला लावलं तर त्यांचा रोज बुडतो, आणि मुकादम ते ऐकून घेणार नाही. त्याने ऐकून घेऊही नये. सिस्टिमवाल्यांच्या मूळ आराखड्यात पेटीगणिक स्कॅन होता. मुकादमाला मीटिंगमध्ये बसवल्यावर त्यानेच सांगितलं, “साहेब, पॅलेट भरून झालं की एकदा स्कॅन करा, मध्ये आमचा हात थांबवू नका.” तसंच केलं. स्कॅनर माल तपासणाऱ्या चेकरच्या हातात, टोळीच्या नाही. फक्त पेटी फोडून सुटा माल काढायचा असेल तर नगाप्रमाणे स्कॅन होतो. ज्यांच्याकडे माथाडी आहेत त्यांनी करार करण्याआधी मुकादमाशी बोलावं, इंप्लिमेंटेशनवाल्या इंजिनिअरला हे सुचणार नाही.

हॅन्डहेल्ड ॲंड्रॉइडचे आहेत, स्क्रीन मराठीत करता येते आणि त्याचा फार फायदा झाला. आमच्या चेकर ताई इंग्रजी स्क्रीनपुढे बिचकायच्या, त्या आता नव्या मुलांना शिकवतात. लेबलवर मात्र मराठी नीट छापत नाही. थर्मल प्रिंटरला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, ‘क्र’चे तुकडे होतात. मजकूर चित्र म्हणून प्रिंटरला पाठवला तर हा प्रश्न सुटतो. मी हे त्यांना दाखवून दिलंय, पण त्यांनी अजून घेतलेलं नाही.

पावसाळ्याचा अनुभव मिश्र. दमट हवेत पुठ्ठ्यावर थेट छापलेला बारकोड फुगतो, पसरतो आणि वाचला जात नाही. आमचं पॅलेट लेबल वेगळं असल्याने निभावलं. वायफायचा त्रास जास्त. पत्र्याचं छत, लोखंडी रॅक, आणि शाम्पूसारखा पातळ माल. पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषून घेतं, त्यामुळे शाम्पूची ओळ भरली की तिच्यामागे रेंज जाते. रिकाम्या गोडाऊनमध्ये केलेला वायफायचा सर्व्हे म्हणूनच फसवा ठरला. माल भरल्यावर सर्व्हे पुन्हा करून घेतला आणि ॲक्सेस पॉइंट वाढवले. ऑफलाइन मोड आहे, पण त्यात दोघांनी एकच पॅलेट उचललं तर नेट आल्यावर तंटा होतो आणि तो हाताने सोडवावा लागतो. वीज गेली तर ॲक्सेस पॉइंट इन्व्हर्टरवर हवेतच.

मोजणीसाठी गोडाऊन बंद ठेवणं संपलं. रोज थोड्या जागा मोजतो, कामात खंड पडत नाही. बिलिंग आणि ई-वे बिल सॅपमधूनच निघतं, मधली जोडणी एरवी ठीक चालते, मंथएंडच्या शेवटच्या दोन रात्री मात्र रांग लागते आणि भरलेली गाडी कागदासाठी ताटकळते.

खर्चाबद्दल एवढंच सांगतो की महिन्याच्या भाड्याकडे पाहून बजेट करू नका. हॅन्डहेल्ड, प्रिंटर, वायफाय, रॅकची लेबलं आणि मास्टर डेटा साफ करायला लागणारी माणसं यांचा खर्च त्याहून मोठा निघतो. एक छोटं गोडाऊन, दोन-तीनशे कोड आणि एकच सुपरवायझर असेल तर एवढा पसारा लागणार नाही, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅच नीट ठेवली तरी पुरेल. दोन-तीन कंपन्यांचा माल आणि मॉलची साखळी आली की मात्र थांबू नये.

आमचा करार मार्चअखेर संपतो. री-लेबलिंगचा (नव्या एमआरपीचं स्टिकर लावण्याचा) व्यवहार आवक तारीख न बदलता, लेबलवर मराठी चित्र म्हणून, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर रात्रीचा सपोर्ट, या तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. मिळाल्या तर तीन वर्षांचा करार करू, नाहीतर एक वर्षाचा, आणि त्या वर्षात दुसऱ्या दोन सिस्टिम हाच जुन्या-नव्या एमआरपीचा शाम्पू पुढे ठेवून तपासू.