आईच्या टीव्हीपायी 9,609 रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. वीस वर्षं पणजीत हिशेबाचं काम करतोय, दुसऱ्यांची बिलं तपासून पोट भरतो. तरी गंडलो, आणि तेही टीव्हीच्या डबड्यापायी.

आई डिचोलीला एकटी असते. वय 76, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. तिच्याकडे दोन रिमोट, एक टीव्हीचा आणि एक सेट-टॉप बॉक्सचा. दोन्ही काळे, दोन्हींवर मुंग्यांसारखी बटणं. आवाज वाढवायला जाते, बोट ‘सोर्स’वर पडतं आणि पडदा निळा. मग मला फोन, “अरे, निळं झालं.” समोर माणूस कागद घेऊन बसलेला आणि मी फोनवर, “वरचं डावीकडचं बटण गो आई... ते न्हय, त्याच्या बाजूचं.” हे रोज, नेमकं मालिकेच्या वेळेला. तिची सोय हवी होती हे खरंच, पण त्याहून जास्त मला ते फोन बंद व्हायला हवे होते. आज लाज वाटते ती ह्याची.

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली: ज्येष्ठ नागरिकांसाठी खास बॉक्स, एकच रिमोट, मोठी बटणं, महिन्याचा रिचार्ज कायमचा बंद. फोन लावला. गणेश चवथीला महिना होता. दुसऱ्याच दिवशी तिशीतला एक पोरगा हजर, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. आईला ‘मावशी’, मला ‘पात्रांव’, म्हणजे मालक. आईने चहा दिला, वर केळ्याची वेफर्स.

बॉक्स 6,499. लाइफटाइम अ‍ॅक्टिव्हेशन 2,000, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2,360. ‘सीनियर रिमोट’ 750. एकूण 9,609. पाच हजार यूपीआयने दिले, उरलेले 4,609 रोख, कारण “पात्रांव, लिमिट संपलं माझं.” बिल दिलं, त्यावर जीएसटी नंबरही होता. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो आणि गोव्याचा 30 ने सुरू होतो. ह्यावर 14 अक्षरं होती. हे मी नंतर, सगळं बंद पडल्यावर मोजलं. दिवसभर दुसऱ्यांचे मोजतो, स्वतःच्या बिलाची घडी करून खिशात घातली.

पण खरी चूक बिलाची नव्हे. तो दाखवत होता, सगळे पैशांचे मराठी चॅनल लागत होते, आई खूश. तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक लांबलचक आकडा उमटला. दोन-तीन सेकंद राहिला, गेला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, “तो मावशींचा रजिस्ट्रेशन नंबर, सिस्टिमने घेतला.” आणि मी मान डोलावली! थोड्या वेळाने दुसऱ्या चॅनलवर परत आकडा आला, तेव्हा तर मी कौतुकाने आईला दाखवला.

तो आकडा आईचा नव्हताच. पे चॅनल चोरून पुढे कोण सोडतो ते पकडता यावं म्हणून ग्राहकाच्या कार्डाचा नंबर असा पडद्यावर पाडतात, फिंगरप्रिंटिंग म्हणतात त्याला. कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाचं कनेक्शन इंटरनेटवरून आमच्या हॉलमध्ये येत होतं. चोर स्वतःची पावती पडद्यावर दाखवत होता आणि मी ती वाचून खूश. हे मला नंतर आमच्या जुन्या केबलवाल्याने सांगितलं, हसू दाबत. त्याच्याकडे गेलो तेही नाइलाजाने.

19 दिवस चाललं. त्यातही पाऊस, लाइट गेली की बॉक्स नव्याने सुरू व्हायचा आणि तीस चित्रांच्या पानावर जाऊन थांबायचा. साधा सेट-टॉप बॉक्स निदान चॅनलवर परत येतो. हा मोबाइलसारखा, अ‍ॅप शोधा, उघडा. आईचे फोन दुप्पट झाले. ‘सीनियर रिमोट’ म्हणजे बाजारातला साधा रिमोट, नको त्या बटणांवर काळी टेप. टेप मीही लावली असती, 10 रुपयांत. विसाव्या दिवशी ‘सर्व्हर मेन्टेनन्स’ असा मेसेज आला. मग काहीच नाही. त्याचा नंबर बंद.

पोलीस स्टेशनवर गेलो. पहिला प्रश्न, “तुमच्या घरात त्याला घेतलं कोणी?” मी. “पैसे स्वतः दिले?” मी. “वस्तू मिळाली?” मिळाली. “मग चोरी कसली? सिव्हिल मॅटर.” वर दुसरा म्हणाला, “आणि तुम्ही एवढे दिवस फुकट चॅनल बघत होता ना?” म्हणजे गुन्हेगार मीच. हद्द डिचोलीची की पणजीची ह्यावर अर्धा तास, कारण फोन पणजीतून केला, पैसे डिचोलीत दिले. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार, असं म्हणून पुढच्या टोकनला हाक मारली. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही हे वाचून हुरूप आला, पण तक्रारीत समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? चार हेलपाट्यांत अर्ध्या दिवसाच्या दोन रजा आणि पेट्रोल गेलं, ते 9,609 मध्ये धरलेलं नाही.

यूपीआयने गेलेल्या पैशांसाठी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच दिवशी फोन करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. मी तीन आठवडे भोळसटासारखा सर्व्हर सुरू व्हायची वाट बघत बसलो.

आणि ज्याच्या हातात रिमोट जाणार त्याला पैसे देण्याआधी चालवू द्या. सगळा वेळ बटणं तो पोरगाच दाबत होता, आईने एकदाही हात लावला नाही. टीव्ही बंद करून, प्लग काढून, परत लावून आईला म्हणायला हवं होतं, आता तू लाव. पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं.

‘महिन्याला शून्य’ ऐकलं की तिथेच उठा. फुकट असं खरंच आहे ते दूरदर्शनचं फ्री डिश. डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच, रिचार्ज नाही, सह्याद्री दिसतं. पण झी मराठी, स्टार प्रवाह त्यावर येत नाहीत, आणि कोणी ‘येतात’ म्हणाला तर तो खोटं बोलतोय. पे चॅनल हवे तर महिना भरावाच लागतो.

दोन रिमोटच्या भांडणावर उपाय आमच्या टीव्हीतच होता. सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू केलं तर पुष्कळ बॉक्स टीव्हीबरोबरच चालू-बंद होतात. भाच्याने ते केलं, जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचा आवाज शिकवला आणि टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवला. वर जुन्या केबलवाल्याने आईचे आठ चॅनल फेव्हरिटमध्ये टाकून दिले. एक पैसा घेतला नाही. हे मी आधी का विचारलं नाही, म्हणून विचारू नका.

त्या पोराचा बॉक्स अजून टीव्हीखाली आहे, निळा दिवा लागतो. चवथीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, हे नवीन काय? मी म्हणालो, सर्व्हर मेन्टेनन्स चाललंय.