मधपेटी घेताय? ‘थंडीने माश्या मेल्या’ हे उत्तर मान्य करू नका

दिवाळीनंतर कांदा-बियाणे, धणे, सूर्यफूल यांच्या परागीभवनासाठी मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या पेट्यांची मागणी वाढते आणि फसवणूकही तेव्हाच होते. ‘आठ चौकटी (पोळे धरणाऱ्या लाकडी फ्रेम) भरलेल्या’ म्हणून दाखवलेली पेटी माश्यांनी ओसंडत असते. महिन्याभरात मूठभर माश्या उरतात. फोन केला की विक्रेता म्हणतो, थंडी बाधली.

ही थाप आहे. काश्मीरच्या बर्फात आणि युरोपच्या लांब हिवाळ्यात तगणारी माशी निफाडच्या पाच-सहा अंशांना मरत नाही. पारा चौदाच्या आसपास उतरला की माश्या गोळा होऊन बसतात, साठवलेला मध खातात आणि ऊब धरतात. थंडीत मरते ती आधीच पोकळ असलेली वसाहत.

पेटी फुगवून दाखवण्याची युक्ती सोपी आहे. जोमदार पेटी उचलून दूर ठेवायची आणि तिच्या जागी दुबळी पेटी मांडायची. चरून परतणाऱ्या माश्या जुन्या ठिकाणी येतात आणि दुबळ्या पेटीत शिरतात. दोन दिवसांत दारावर गर्दी दिसते, पण या सगळ्या म्हाताऱ्या माश्या असतात. त्यांचे दोन-तीन आठवडेच उरलेले असतात. शिवाय वजन यावे म्हणून पाक पाजतात.

म्हणून माश्या मोजू नका, पिल्लांची पोळी मोजा. ऊन वर आल्यावर, दहानंतर पेटी उघडायला लावा आणि प्रत्येक चौकट स्वतः हातात घ्या. आठ चौकटी माश्या असतील तर निदान चार चौकटींवर अंडी, अळ्या आणि झाकलेले कोष सलग दिसले पाहिजेत. एका घरात एकच अंडे, तेही तळाशी हवे. दोन-तीन अंडी किंवा भिंतीला चिकटलेली अंडी दिसली, तर बहुधा राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालताहेत; अशी पेटी फुकटही घेऊ नये. माश्या केसाळ, मळकट दिसल्या तर तरुण. चकचकीत काळपट, पंख फाटलेल्या दिसल्या तर उसनवारीच्या. राणीचे वय कळावे म्हणून तिच्या पाठीवर लावलेल्या रंगाच्या ठिपक्यावर विसंबू नका, तो सौद्याच्या सकाळीही लावता येतो.

व्हरोआ, म्हणजे माश्यांना चिकटणारे बारीक गोचीड, तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पिल्लांच्या पोळ्यावरून अर्धा कप, म्हणजे साधारण 300 माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या (राणी त्यात नाही ना, हे आधी पाहा). दोन चमचे पिठीसाखर टाकून मिनिटभर घोळवा, मग पांढऱ्या ताटावर झटका. नऊच्या वर गोचीड पडले तर सौदा थांबवा.

निम्मी रक्कम 21 दिवसांनी द्यायची, असे कागदावर लिहून घ्या. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला तेवढेच दिवस लागतात. एकविसाव्या दिवशी ताजी अंडी आणि झाकलेले कोष दिसले, म्हणजे राणी खरी.

दुबळी पेटी गळ्यात पडलीच, तर रिकाम्या चौकटी काढा, म्हणजे मेणकिडा शिरणार नाही. माश्यांच्या बाजूला आडवी फळी लावून जागा कमी करा आणि दार दोन बोटांएवढे ठेवा. पेटी पुढे किंचित कलती ठेवा, म्हणजे आतले पाणी बाहेर निघेल. थंडीपेक्षा ओल जास्त मारते. दोन किलो साखरेला एक लिटर पाणी, असा घट्ट पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्या. गूळ नको, त्याने माश्यांना हगवण लागते. तीन चौकटींपेक्षा कमी माश्या उरल्या, तर दुबळी राणी काढून टाका आणि मध्ये वर्तमानपत्र ठेवून त्या सशक्त पेटीत मिसळा.