उच्चैःश्रव्याची पितळी मूर्ती हवी असेल तर नाशिकच्या भांडी बाजारातलं हे दुकान बघाच

पितळेच्या दुकानात घोडा मागितला की एक तर वास्तूचे सात धावते घोडे दाखवतात नाहीतर अश्वारूढ शिवाजी महाराज. उच्चैःश्रवा म्हटलं की "तेच ना सात घोडे" म्हणत परत तीच फ्रेम पुढे करतात. अहो ते सूर्याच्या रथाचे, सात वेगवेगळे, आणि हा एकच घोडा, समुद्रमंथनातून निघालेला, पांढराशुभ्र, सात तोंडांचा. या दुकानातल्या काकांना काही समजवावं लागलं नाही, नाव ऐकल्यावर सरळ आत गेले आणि मूर्ती घेऊनच बाहेर आले.

सगळ्यात भारी काय असेल तर शेपटी. महाभारतात आदिपर्वात कद्रू आणि विनता या दोन बहिणींची या घोड्यावरून पैज लागते ना, विनता म्हणते घोडा पूर्ण पांढरा, कद्रू म्हणते शेपटी काळी, हरेल तिने दासी व्हायचं, आणि मग कद्रू आपल्या नागपोरांना शेपटीला केसांसारखं चिकटून बसायला सांगते, जे ऐकत नाहीत त्यांना जनमेजय राजाच्या सर्पसत्रात, म्हणजे सापांची आहुती देणाऱ्या यज्ञात, जळाल असा शाप देते. कारागिराने ते सगळं शेपटीत आणलंय. अंग पिवळं झळझळीत, शेपटी तेवढी ऑक्सिडाइज करून काळी, आणि जवळ धरून बघितलं तर प्रत्येक बट म्हणजे बारीक साप आहे, फणा खाली दाबलेला! कथा माहीत असलेल्या माणसानेच केलेलं काम आहे हे, मी तर दुकानातच किती वेळ नुसती शेपटी बघत उभी होते.

आणि नाशिककरांनी तर हा घोडा घरात ठेवलाच पाहिजे असं माझं मत. ज्या मंथनातून हा आला त्यातूनच अमृत आलं आणि त्याच्या थेंबामुळे आपल्याकडे सिंहस्थ भरतो, २०१५ ला झाला आता २०२७ ला परत. सगळेजण कुंभाच्या प्रतिकृती घेतात, घोडा कोणाला आठवत नाही. भागवतात आठव्या स्कंधात तर असंय की चंद्रासारखा पांढरा हा घोडा वर आला तेव्हा तो बळीला हवासा वाटला आणि इंद्राने भगवंताचं ऐकून त्याचा मोह धरला नाही. पाडव्याला आपण इडा पिडा टळो म्हणतो तो बळी! मी पाडव्याच्या पूजेतच मांडणार आहे.

आता कामाचं. मूर्ती वीतभर उंच, भरीव, हातात घेतल्यावर वजन कळतं. सात तोंडांमुळे भार पुढे येतो म्हणून खालची बैठक रुंद दिलीय, धक्का लागला तरी कलंडत नाही. भाव वजनावर लावतात, मजुरी वेगळी, आधी विचारून घ्या. मधलं तोंड सुरेख, नाकपुड्या फुगलेल्या, आयाळीची रेघ न रेघ मोकळी, पण कडेच्या दोन तोंडांचे डोळे नीट कोरलेले नाहीत, एकावर तर ओतकामाची रेघ तशीच राहिलीय, कानस फिरवली असती तर गेली असती. काकांना दाखवलं तर म्हणाले "ताई, पुढच्या खेपेला सांगतो कारागिराला". एवढ्या मेहनतीच्या कामात हे राहायला नको होतं.

घासताना लक्ष ठेवा, चिंच किंवा पितांबरी फक्त अंगाला लावायची, शेपटीला अजिबात नाही, काळा रंग निघून जाईल, तिथे कोरडं फडकं बास. पॅकिंग म्हणजे साधा पेपर, त्यामुळे घरून जाड पिशवी न्या, आणि गाडी लांब लावून चालत जा कारण त्या गल्लीत चारचाकी वळत नाही.

पाचपैकी चार स्टार, एक कापलाय तो डोळ्यांसाठीच.