टर्कीच्या शिकारीसाठी चोक आणि काडतूस: फुल की एक्स्ट्रा फुल, शिसं की टंगस्टन?

अमेरिकेतल्या मिसूरीत टर्की पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला उघडतो. त्याआधी महिनाभर मला ओळखीच्यांचे फोन यायला लागतात. बहुतेक आपलीच मंडळी. ग्रीन कार्ड झालेलं, ऑफिसातल्या कोणाच्या तरी नादाने हंटर एज्युकेशनचा कोर्स केलेला, बारा गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक) पंप बंदूक घेऊन झालेली. आता स्वारी दुकानात उभी असते. भिंतीवर चोक, म्हणजे नळीच्या तोंडात बसवायच्या छोट्या नळ्या, टांगलेले, शेजारी काडतुसांची खोकी. एकात दहा, पंचवीस-तीस डॉलरला. दुसऱ्यात पाचच, आणि किंमत दुप्पट. "काका, काय घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. बारा गेज असेल आणि चाळीस यार्डांच्या आतच बार काढायचा असेल, तर बंदुकीबरोबर मिळालेला फुल चोक आणि तांब्याचा मुलामा दिलेले पाच नंबरचे शिशाचे छर्रे. वाचलेले पैसे रेड डॉटवर (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच) घाला. वीस गेज असेल किंवा कॅलिफोर्नियात राहत असाल, तर हिशेब बदलतो. का, ते आता सविस्तर.

नेम कुठे धरायचा

जंगली टर्कीचा नर सहज वीस पौंडांचा भरतो, पण आपलं लक्ष्य ते धूड नाही. पिसं, पंखांची हाडं आणि छातीचा गड्डा यांत छर्रे अडतात, पक्षी जखमी होऊन झाडीत शिरतो आणि तिथे तडफडून मरतो. म्हणून नेम धरायचा तो मान आणि डोक्यावर. म्हणजे मुठीपेक्षा लहान डोकं आणि वीतभर मान, तीही सतत हलणारी. इथले लोक एक ठोकताळा वापरतात: ज्या अंतरावर दहा इंची वर्तुळात शंभर छर्रे पडतात, तिथवर ती बंदूक टर्कीसाठी चालते. पुढची सगळी तुलना या एका मापाने करायची.

चोक: घट्ट किती घट्ट

बारा गेजच्या नळीचा आतला व्यास मुळात ०.७२९ इंच. चोक म्हणजे तोंडाशी केलेली किंचित आवळ. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये ती साधारण दहा हजारांश इंच, मॉडिफाइडमध्ये वीस, फुलमध्ये पस्तीस. एवढ्याशा फरकाने काय होतं? चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात इम्प्रूव्ह्ड सिलिंडर निम्मे छर्रे टाकतो, मॉडिफाइड साठ टक्के, फुल सत्तर टक्के. टर्कीसाठी म्हणून विकले जाणारे एक्स्ट्रा फुल चोक याहून आवळलेले, ०.६७० ते ०.६४० इंचांपर्यंत उतरलेले.

बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरावा तसं हे, असं समजावून सांगायची पद्धत आहे. ती उपमा फसवी आहे. अंगठ्याने पाण्याची धार जोरात जाते. चोकने छर्ऱ्यांचा वेग म्हणावा असा वाढत नाही. फक्त घोळका जास्त वेळ एकत्र राहतो.

आणि घोळका एकत्र राहणं नेहमीच फायद्याचं नसतं. पहिल्या वर्षी मी दुकानातला सगळ्यात आवळ चोक उचलला होता. पहाटे साडेसहाला नर आला तो थेट डिकॉयपाशी, म्हणजे मी मांडलेल्या नकली टर्कीपाशी, माझ्यापासून चौदा पावलांवर. नेमक्या वेळी दस्त्यावरून माझा गाल उचलला गेला, चाप ओढला, आणि सगळे छर्रे त्याच्या डोक्यावरून गेले. चौदा पावलांवर तो घोळका टेनिसच्या चेंडूएवढा असतो. म्हणजे मी जवळजवळ गोळीच झाडली होती, तीही नळीच्या टोकावरच्या माशीकडे नीट न बघता. नराने 'पुट्' असा एकच आवाज काढला आणि तो चालता झाला. फुल चोक असता तर ती चूक कदाचित पोटात घातली गेली असती.

आजोबांची सिंधुदुर्गातली दुनळी मला तेव्हा आठवली. उजवी नळी मॉडिफाइड, डावी फुल, दोन नळ्यांना दोन चाप. रान-डुक्कर कुठून येतंय ते बघून शेवटच्या क्षणी बोट पुढच्या चापावर ठेवायचं की मागच्या, ते ठरायचं. (काडतुसं खडकीच्या कारखान्याची, शक्तिमान. आमच्या लहानपणी रिकामी टरफलं खेळायला मिळणं म्हणजे चैन.) इथल्या एकनळी पंपला ती सोय नाही. जो चोक पहाटे बसवला, तोच दिवसभर. त्यामुळे चाळीस यार्डांवर कोणता बरा, एवढंच विचारून भागत नाही. पंधरावर तो काय करतो, हेही बघायला हवं. ज्यांची जागा दाट ओकच्या रानात आहे, जिथे पंचवीस यार्डांपलीकडे दिसतच नाही, त्यांनी एक्स्ट्रा फुलच्या वाटेला जाऊ नये. कॅन्ससकडच्या मोकळ्या कुरणात बसणाऱ्याला तो उपयोगी पडेल.

शिवाय मऊ शिशाला अति आवळ सोसत नाही. छर्रे चेपतात, वाकडे उडतात, आणि पॅटर्न, म्हणजे कागदावर पडणारा छर्ऱ्यांचा ठसा, सुधारण्याऐवजी फाटतो. जितका मोठा छर्रा, तितकी कमी आवळ त्याला मानवते.

काडतूस: खरी लढत इथे आहे

छर्ऱ्यांच्या नंबरांचा क्रम उलटा: नंबर जितका मोठा, छर्रा तितका बारीक. चार नंबरचा व्यास ०.१३ इंच, पाचचा ०.१२, सहाचा ०.११, नऊचा ०.०८. शिशाचं बोलायचं तर एका औंसात चार नंबरचे सुमारे १३५ छर्रे बसतात, पाचचे १७०, सहाचे २२५. तीन इंची बारा गेजच्या काडतुसात पावणेदोन औंस भरलेले असतात, म्हणजे पाच नंबरचे तीनशेच्या आसपास. चार नंबर जोरात लागतो, पण संख्या कमी, त्यामुळे मानेच्या दोन्ही बाजूंनी निसटायला जागा राहते. सहा नंबर कागदावर देखणा दिसतो, पस्तीस यार्डांपुढे मात्र त्याचा जीव कमी पडतो. पाच नंबर ही दोघांतली तडजोड, आणि माझ्या मते चांगली तडजोड.

आता टंगस्टन. इथे सगळे त्याला टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) म्हणतात. शिशाची घनता घनसेंटिमीटरला अकरा ग्रॅमच्या थोडी वर, टीएसएसची अठरा. त्यामुळे नऊ नंबरचा बारीक छर्रा, जो शिशाचा असता तर टर्कीच्या पिसांतच अडकला असता, तो टंगस्टनचा असला की शिशाच्या पाच नंबरइतका आत घुसतो. वजन पाच नंबरच्या निम्मं, पण हवेला आणि मांसाला समोर येणारा आडवा छेदही निम्म्याहून कमी. आणि औंसात बसतात ३६०. तेवढाच घाव, संख्या दुप्पट. शिवाय टंगस्टन चेपत नाही, त्यामुळे आवळ चोकमधूनही गोल राहून बाहेर पडतं.

याची खरी मजा लहान बंदुकीत आहे. वीस गेजच्या तीन इंची टीएसएस काडतुसात दीड औंस, म्हणजे ५४० छर्रे. चारशेदहासारख्या (०.४१० इंच नळीच्या) किडकिडीत बंदुकीतही तेरा सोळांश औंस भरतात, म्हणजे २९० च्या आसपास. बारा गेजच्या शिशाच्या काडतुसात जेवढे, जवळपास तेवढेच. पूर्वी टर्कीसाठी चारशेदहा नेणाऱ्याला लोक हसायचे. आता चौदा वर्षांच्या पोरीच्या खांद्याला झेपेल अशी बंदूक घेऊन बाप निर्धास्त रानात जातो.

मग बारा गेजवाल्याने टीएसएस घ्यावं का? घेतलं तर वाईट काही नाही. पण एकेका काडतुसाला दहा-बारा डॉलर मोजून माणूस सरावाला बार काढायचं टाळतो, आणि साठ यार्डांवर पोचतं म्हणून साठवर मारायचा मोह होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चाळीसच्या पुढे नर एक पाऊल टाकतो तेवढ्यात त्याची मान छर्ऱ्यांच्या घोळक्याबाहेर गेलेली असते.

साडेतीन इंची शिशाच्या काडतुसाबद्दल फार लिहीत नाही. तीन इंचीपेक्षा पाव-अर्धा औंस जास्त मिळतो, आणि खांद्याला जो धक्का बसतो त्याने पुढच्या बाराला डोळा आपोआप मिटतो. नको.

जेवणाच्या ताटातही या दोन्हींत फरक आहे. मालवणी मसाल्यातलं टर्कीचं सुकं खाताना दाताखाली छर्रा येतोच कधीतरी. शिसं दाताखाली दबतं, पण पोटात जाऊ नये अशी चीज. घरात लहान मुलं असतील तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. टंगस्टन विषारी समजत नाहीत, पण दात त्याच्यापुढे हरतो.

जोडी जमवायची ती कागदावर

चोक आणि काडतूस वेगवेगळे निवडता येत नाहीत. एकाच आकड्याचे दोन चोक, एकच काडतूस, तरी माझ्या बंदुकीत एकाने चाळीसवर शंभरी ओलांडली आणि दुसऱ्याने साठीही गाठली नाही. कारण नळ्याही सारख्या नसतात. मॉसबर्ग कंपनीच्या ८३५ या बंदुकीची नळी मुळातच इतर बारा गेजपेक्षा बरीच रुंद असते, आणि रेमिंग्टनचा चोक मॉसबर्गमध्ये बसतही नाही. आट्यांचं माप बघूनच घ्या.

तपकिरी कागदाचा रोल आणा, तीन फुटी तुकडे करा, मध्ये ठिपका काढा. आधी स्वस्तातल्या हलक्या काडतुसांनी वीस यार्डांवर बंदूक बघते तिथेच मारते का ते तपासा. मग टर्कीचं काडतूस: पंधरा, तीस, चाळीस. छर्ऱ्यांचा सगळ्यात दाट भाग शोधून त्यावर दहा इंची ताटली ठेवा, कड आखा, आतली भोकं मोजा. मी हे रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर करतो, मोजलेल्या भोकावर लाल स्केचपेनने टिंब, नाहीतर त्रेसष्टनंतर फोन वाजला की पुन्हा एकपासून. चोक बदलताना बंदूक रिकामी हवी, आणि दर दोन-चार बारांनी तो हाताने घट्ट करून बघा. सैल झालेला चोक नळीचं तोंड फाडतो.

आणि कायदा

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं अजिबात चालत नाही. तिथे बिस्मथ, पोलाद किंवा टंगस्टन. बिस्मथ शिशापेक्षा हलकं, टीएसएसपेक्षा स्वस्त. तीस यार्डांत थांबणाऱ्याने विचार करावा. पोलाद टर्कीच्या आवळ चोकमधून मारू नका, चोकवर तशी परवानगी लिहिलेली नसेल तर. मिसूरीत चार नंबरपेक्षा मोठा छर्रा चालत नाही, आणि बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत.

एच-१बीवर असाल तर संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे; त्यातल्या अपवादांपैकी एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. मित्राची बंदूक हातात धरली तरी ती जवळ बाळगणंच झालं. म्हणून आधी परवाना आणि वकिलाशी एक फोन, मग रेंजवर.

कपडे निवडताना लाल, पांढरा, निळा टाळा, रुमालसुद्धा. वसंतात नराच्या डोक्यावर नेमके हेच तीन रंग असतात, आणि झाडीपलीकडे बसलेल्याच्या बंदुकीतही फुल चोकच असतो.