क्युझनेअर पट्ट्या: लसावि शिकवायला ७४ नगांचा संच कुठवर पुरतो?

पांढरी १ सेंमी, लाल २, पोपटी ३, जांभळी ४, पिवळी ५, गडद हिरवी ६, काळी ७, तपकिरी ८, निळी ९, नारिंगी १०. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्युझनेअर यांच्या या पट्ट्या बहुतेक जण बेरजेसाठी घेतात. सामाईक विभाज्यांसाठी त्या जास्त कामाच्या आहेत.

४ आणि ६ घ्या. जांभळ्या पट्ट्यांची एक आगगाडी, तिला चिकटून गडद हिरव्यांची दुसरी. १२ सेंमीवर दोन्हींचे सांधे एका रेषेत येतात. हाच लसावि. गाडी पुढे नेली की २४ वर सांधे पुन्हा जुळतात. 'गुणाकार केला की लसावि' म्हणणाऱ्या मुलाला इथे समजावून सांगावं लागत नाही, २४ च्या आधीचं १२ समोरच दिसतं.

४ आणि ८ ला मात्र मुलं हमखास चुकतात. एक तपकिरी आणि दोन जांभळ्या, काम संपलं. पण गाडी म्हणजे किमान दोन डबे, असं धरून ती १६ सांगतात. एका पट्टीचीही गाडी होते, हे आधीच सांगा.

आता संचाची खरी अडचण. ७४ मध्ये पांढऱ्या २२, लाल १२, पोपटी १०, जांभळ्या ६ आणि बाकी प्रत्येक रंगाच्या फक्त ४. त्यामुळे ४ आणि ७ ला २८ पर्यंत जायला एक जांभळी कमी पडते (दोन लाल जोडून भागतं). ५ आणि ७ जमतच नाही. १२ आणि १८ मात्र थोड्या युक्तीने बसतं: नारिंगी-लाल जोडी तीनदा, खाली चार निळ्या, ३६ वर जुळणी.

पट्ट्या सैल ठेवल्या तर फटी साठतात आणि लहान पट्ट्यांच्या गाडीत सांधे जास्त असल्याने तीच लांब दिसते. कडेला फूटपट्टी टेकवून मांडा. तिचा शून्य टोकापासून थोडा आत असतो, म्हणून लांबी वाचायची तर पट्टी शून्याच्या रेषेपासून लावा. खाचा पाडलेल्या पट्ट्या घेऊ नका. मुलं खाचा मोजत बसतात आणि सांध्यांकडे बघतच नाहीत.

दोन संच घेतले तर ५ आणि ७, ७ आणि ८ निघतात. ८ आणि ९ ला तरीही एक तपकिरी कमीच पडते, तिथे दोन जांभळ्या लावा. त्यापुढच्या संख्यांना पाटीवरची उभी मांडणीच बरी.