मॉडेल क्रमांकातले शेवटचे अक्षर

मी अडाणी ग्राहक नाही. वॉशिंग मशीन घेण्यापूर्वी तीन दुकाने पालथी घातली होती, आणि तरीही पुरता नाडलो गेलो. इतर विक्रेत्यांची सर्व खर्चांसह किंमत १०० धरली, तर मी १३४ मोजले. जाहिरातीत आकडा ९६ होता. पैसे भरण्याच्या टप्प्यावर हाताळणी शुल्क ९, जोडणी १४ आणि ‘अनिवार्य’ वाढीव हमी १५ अशी भर पडत गेली. निम्मा दिवस घालवून बसलेला माणूस तिथून परत फिरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. एकूण रक्कम लेखी मिळेपर्यंत आपले कार्ड खिशातच ठेवा.

खरे तर मला थांबायला हवे होते ते त्याआधीच. ‘हेच मॉडेल इतरत्र स्वस्त मिळाल्यास फरक परत’ अशी पाटी होती, म्हणून मी तो क्रमांक फोनवर शोधला. तो कुठेच सापडला नाही. शेवटी एक जादा अक्षर होते. मी ते नव्या आवृत्तीचे चिन्ह समजलो आणि समाधानाने मान डोलावली! यंत्र तेच होते. केवळ त्या दुकानासाठी क्रमांक बदललेला असल्याने फरक परत देण्याची ती हमी कधीच लागू होणार नव्हती. शेवटचे अक्षर गाळून शोधा, क्षमता आणि मापे जुळवून पाहा.

चौकशीला वेळ आणि श्रम लागतात म्हणून एकाच वस्तूच्या किमती विक्रेत्यागणिक वेगळ्या राहतात, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ सालीच मांडले होते. पीटर डायमंड यांनी १९७१ मध्ये त्याहून कडू गोष्ट दाखवली: प्रत्येक नव्या चौकशीला थोडासा जरी खर्च येत असेल, तर स्पर्धक असूनही किमती मक्तेदारीच्या पातळीला जाऊ शकतात. मग नोकरी सांभाळून मी आणखी किती दारे ठोठवायची होती?

तक्रार कक्षाने मला ग्राहक विभागाकडे धाडले, त्या विभागाने विक्रेत्याकडे, आणि विक्रेत्याने पुन्हा तक्रार कक्षाकडे. प्रत्येक ठिकाणी तीच पावती, तोच अर्ज, तीच ‘आपण स्वेच्छेने स्वीकारले’ ही ओळ. ग्राहकाला दमवण्याचे जे काम दुकानाने सुरू केले, तेच या मंडळींनी सरकारी शांतपणे पूर्ण केले. सहा आठवड्यांनी लेखी उत्तर आले: दोन्ही यंत्रांचे मॉडेल क्रमांक भिन्न असल्याने किमतींची तुलना ग्राह्य धरता येत नाही, तक्रार निकाली.