सेटिंग्जपर्यंत लवकर कसं पोचायचं: गॉड मोड, निरसीएमडी, पॉवरटॉइज की स्वतः केलेले शॉर्टकट?

विंडोजमधली नेमकी सेटिंग शोधायला लागणारा वेळ २०१२ पासून वाढतच गेला आहे. विंडोज ८ मध्ये कंट्रोल पॅनलच्या जोडीला नवं सेटिंग्ज ॲप आलं. तेव्हापासून एकेक काम जुन्याकडून नव्याकडे हलवणं चालू आहे. १० आली, ११ आली, तरी काही गोष्टी अजून इकडे आहेत, काही तिकडे. घरच्या कॉम्प्युटरवर कधीमधी शोधाशोध करावी लागली तर काही बिघडत नाही. पण टेबलापलीकडे माणसं ताटकळत उभी असतील तर थेट हव्या त्या पानावर नेणारी एखादी सोय हाताशी असावीच लागते.

मी देवगड तालुक्यात ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्सचं केंद्र चालवतो. सातबारे, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, मच्छीमारांची कागदपत्रं, आणि हंगामात आंबा बागायतदारांचे फळपीक विम्याचे अर्ज. या कामात मला कॉम्प्युटरची सगळी सेटिंग्ज लागत नाहीत, मोजकीच पानं पुन्हा पुन्हा लागतात. खालची तुलना त्या अंगाने वाचावी. तुमचं काम व्हिडिओ एडिटिंगचं किंवा प्रोग्रामिंगचं असेल तर तुमचा निकाल वेगळा लागू शकतो.

गॉड मोडपासून सुरुवात करतो, कारण त्याला काहीच उतरवून घ्यावं लागत नाही. डेस्कटॉपवर नवा फोल्डर करायचा, नावापुढे टिंब देऊन महिरपी कंसातला एक ठरावीक लांबलचक कोड चिकटवायचा, की कंट्रोल पॅनलमधली दोनशेहून जास्त कामं एकाच यादीत समोर येतात. विंडोज ७ च्या काळात, २०१० च्या सुरुवातीला याचा फार बोलबाला झाला होता. आजही १० आणि ११ वर तो चालतो. अडचण अशी की ही यादी मुख्यतः जुन्या कंट्रोल पॅनलची आहे. मला रोज लागणारं मीटर्ड कनेक्शनचं, म्हणजे हे नेट जपून वापर असं विंडोजला सांगणारं बटण नव्या सेटिंग्जमध्ये आहे, त्यामुळे ते यात हाती लागत नाही. शिवाय दोनशे ओळींतून हवी ती ओळ शोधणं म्हणजे एका समईसाठी अख्खा माळा खाली उतरवण्यासारखं आहे. एक उपयोग मात्र मी आवर्जून सांगेन. या यादीतल्या कुठल्याही ओळीवर राइट क्लिक करून तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर काढता येतो. एकदा यादी उघडावी, हवे ते चार शॉर्टकट काढून घ्यावेत, फोल्डर पुसून टाकला तरी चालेल.

निरसीएमडी हे निर सोफर यांचं छोटं, फुकट साधन. इन्स्टॉल करावं लागत नाही, पेन ड्राइव्हवरूनही चालतं. बाकीची साधनं तुम्हाला सेटिंगच्या पानापर्यंत नेऊन सोडतात, हे मात्र काम स्वतःच करून टाकतं: आवाज कमी-जास्त करणं, स्क्रीन बंद करणं, आवाज स्पीकरवरून हेडफोनवर नेणं. बॅच फाइल (एकापाठोपाठ चालवायच्या आज्ञांची फाइल) लिहायची सवय असलेल्या माणसाला ते हातचं सोडवणार नाही. माझ्याकडे ते टिकलं नाही, कारण अशा साधनांना अँटिव्हायरस वरचेवर संशयित ठरवतात. लोकांचे आधार आणि बँक पासबुकं जिथे स्कॅन होतात त्या मशीनवर अँटिव्हायरसला अपवाद सांगून ठेवणं मला पटत नाही. घरच्या मशीनवर वापरायला माझी काही हरकत नाही.

खरी लढत उरलेल्या दोघांत आहे.

पॉवरटॉइज हा विंडोजसाठीच्या छोट्या साधनांचा संच, नाव विंडोज ९५ च्या काळापासूनचं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ते नव्याने, मुक्तस्रोत म्हणून आणलं, आणि २०२० मध्ये त्यात पॉवरटॉइज रन आलं. अल्ट आणि स्पेसबार दाबला की मधोमध एक पट्टी येते, तिच्यात टाइप करायचं. डॉलरचं चिन्ह देऊन पुढे शब्द लिहिला तर फक्त विंडोजची सेटिंग्ज शोधली जातात. हे फार चांगलं केलं आहे, कारण स्टार्ट मेनूसारखे वेबचे निकाल मध्ये लुडबुडत नाहीत. २०२५ मध्ये त्याच्या जोडीला कमांड पॅलेट आलं, तेही याच घाटाचं आणि जास्त ताकदीचं. पट्टीत गणित करता येतं, फाइल सापडते, उघड्या विंडोवर उडी मारता येते. ज्याचे हात दिवसभर इंग्रजी कीबोर्डवर असतात त्याने दुसरं काही बघायची गरज नाही, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. फक्त इन्स्टॉलर शेकडो एमबीचा आहे आणि पॉवरटॉइज सतत मागे चालू राहतं. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर ब्राउझरच्या दहा टॅब उघड्या असताना पट्टी यायला क्षणभर उशीर होतो, असं मला जाणवलं. ते मी चालवूनही घेतलं असतं.

माझा निर्णय फिरवला तो कीबोर्डने.

आमच्या भागात वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की लाइट जाते, आणि लाइटबरोबर ब्रॉडबँडही जातो. मशीन इन्व्हर्टरवर चालू राहतं, पण पुढच्या खांबावरचा बॉक्स बंद पडलेला असतो. मग फोन केबलने जोडून त्याचं नेट घ्यायचं. केबलने जोडलेला फोन विंडोजला इथरनेट दिसतो, आणि इथरनेट म्हणजे भरपूर डेटा असं विंडोज धरून चालतं. त्यामुळे अपडेट आणि क्लाउडचं सिंक दोन्ही जोरात सुरू होतात, आणि रोजचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. यावर इलाज म्हणजे मीटर्ड कनेक्शन चालू करणं. तसं केलं की बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. पण काही फोन दर वेळी जोडल्यावर नवं नेटवर्क म्हणून नोंदले जातात, त्यामुळे हे बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. माझा फोन त्यातलाच.

आता प्रसंग डोळ्यासमोर आणा. विमा अर्जाची शेवटची तारीख जवळ आलेली, बाकड्यावर बागायतदार बसलेले, कोणीतरी दारातून विचारतंय, “लाइट इली काय रे?” अर्ज अर्धा भरलेला आहे आणि त्यात नाव-पत्ता मराठीत टाकत असल्यामुळे कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठीच्या प्रमाण मांडणीवर आहे. अशा वेळी अल्ट-स्पेस दाबून इथरनेट हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने लिहायला घेतला की पट्टीत काय उमटतं? एक प आणि एक ल सोडला तर नुसते काने, उकार आणि वेलांटी. प्रॉक्सी लिहायला जावं तर ‘जीदंब’. शोधाचा निकाल अर्थातच शून्य. मग ते पुसायचं, विंडोज-स्पेस दाबून भाषा बदलायची, पुन्हा लिहायचं, काम झालं की परत मराठीवर यायचं, आणि हे शेवटचं विसरलं की अर्जात गावाच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरं पडतात. स्टार्ट मेनूच्या शोधातही हेच होतं. फोनेटिक कीबोर्ड वापरणाऱ्यांचीही सुटका नाही, अक्षरं तेवढी वेगळी उमटतात.

यावर उपाय आहेत हेही सांगायला हवं. प्रत्येक विंडोसाठी कीबोर्डची भाषा वेगळी लक्षात ठेवण्याचा पर्याय विंडोजच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये आहे. मी तो चालू करून बघितला, पण ब्राउझर मराठीत, एक्सेल इंग्रजीत, वर्ड आणखी कशात, असं झाल्यावर हात गोंधळतात. फ्लो लाँचर नावाचं पॉवरटॉइज रनसारखंच एक मुक्तस्रोत साधन आहे, त्यात टायपिंग नेहमी इंग्रजीतूनच सुरू व्हावं असा पर्याय दिलेला आहे. ज्यांना पट्टीची सवय सोडवत नाही आणि मराठीतही काम करावं लागतं, त्यांनी आधी फ्लो लाँचर बघावं असं मला वाटतं.

मी मात्र जिथे टाइपच करावं लागत नाही तिकडे वळलो. विंडोज १० पासून सेटिंग्जच्या जवळजवळ प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता आहे. डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट, आणि जागेच्या रकान्यात एमएस-सेटिंग्ज, मग कोलन, मग पानाचं नाव. नेटवर्क-इथरनेट, प्रिंटर्स, डेटायूसेज, डेट-अँड-टाइम अशी ती नावं आहेत, सगळी इंग्रजी छोट्या लिपीत. शेवटच्या नावात मधल्या रेघा काढून सलग लिहावं लागतं. सगळ्या नावांची यादी मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवर आहे. जुन्या कंट्रोल पॅनलमधली खिडकी हवी असेल तर एनसीपीए डॉट सीपीएल लिहिलं की नेटवर्क ॲडॅप्टर (कॉम्प्युटरचे नेटला जोडणारे भाग) थेट समोर येतात. एखादा ॲडॅप्टर बंद करून परत चालू करायला माझ्या मते अजूनही तीच खिडकी सोयीची आहे.

शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कीबोर्डची कळ नेमता येते. इथे एक सल्ला: अक्षरं नेमू नका, कंट्रोल-अल्टबरोबर एफ८, एफ९ अशा कळा घ्या. मराठी कीबोर्डवर कंट्रोल-अल्ट आणि अक्षर यांतून काही चिन्हं उमटतात, त्यांच्याशी भांडण नको. एफच्या कळांना भाषा नसते. नेमलेली कळ चालायची तर शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूमध्येच असावा लागतो, दुसऱ्या फोल्डरात हलवला की ती गप्प बसते.

शॉर्टकटला नाव काहीही देता येतं, म्हणून माझ्याकडची नावं मराठीत आहेत: ‘फोनचं नेट’, ‘प्रिंटर’, ‘तारीख-वेळ’, ‘नेट बंद-चालू’. केंद्रात माझी भाची मदतीला असते. कॉमर्स शिकते, हुशार आहे, पण सेटिंग्जचे इंग्रजी मथळे तिने पाठ करावेत असं मला कधी वाटलं नाही. मी बँकेत गेलेला असताना लाइट गेली तर पूर्वी तिचा फोन यायचा, “मामा, ते मीटरचं बटण कुठे होतं?” आता ती ‘फोनचं नेट’वर डबल क्लिक करते. विंडोज ११ वर पान उघडताच बटण समोर असतं, विंडोज १० वर त्या नेटवर्कच्या नावावर आणखी एक क्लिक करावा लागतो. पट्टीच्या साधनात ही सोय उभी करायची तर तिला आधी काय टाइप करायचं ते शिकवावं लागलं असतं.

‘नेट बंद-चालू’ म्हणजे वर सांगितलेली ॲडॅप्टरची खिडकी. बाकीचे दोन शॉर्टकट का आहेत तेही सांगतो, कारण कोकणात अशी केंद्रं चालवणाऱ्या बऱ्याच जणांना तीच पानं लागत असावीत. प्रिंटरचं पान यासाठी, की शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप डीफॉल्ट करण्याचा पर्याय विंडोजमध्ये आहे. तो चालू असताना आधार कार्डाचा फोटो कलर प्रिंटरवर काढला की पुढचा सातबारा महागड्या फोटो पेपरवर निघतो. नवं मशीन आलं की तो पर्याय आधी बंद करायचा. तारीख-वेळ यासाठी, की विजा सुरू झाल्या की आम्ही प्लग काढून ठेवतो. प्लग काढलेला असला की घड्याळ मदरबोर्डवरच्या छोट्या सेलवर चालतं. तो सेल जुना झाला की तारीख मागे जाते, आणि मग सरकारी पोर्टल उघडायला गेलं की ब्राउझर सुरक्षेचा इशारा देऊन थांबतो. साइट बंद आहे असं समजून माणसं घरी परत जातात. तारखेच्या पानावर सिंकचं बटण दाबलं की काम सुरू होतं, सेल नंतर बदलता येतो. सेलवर सीआर२०३२ लिहिलेलं असतं, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

स्वतः केलेल्या शॉर्टकटांची उणी बाजूही आहे. आधी ठरवलेल्या पानांपलीकडे ते नेत नाहीत. अनोळखी सेटिंग शोधायची वेळ आली की पॉवरटॉइजची पट्टी केव्हाही सरस, आणि माझ्या घरच्या लॅपटॉपवर, जिथे मराठी टायपिंग जवळजवळ नाही, ती मी आजही ठेवली आहे. शिवाय कुठल्याही मार्गाने गेलं तरी शेवटी उघडतं ते तेच सेटिंग्ज ॲप. ते जुन्या मशीनवर सावकाशच उघडतं, त्यात या चौघांपैकी कोणी फरक करू शकत नाही.

विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बऱ्याच केंद्रांत सध्या मशीनं बदलली जात आहेत. नव्या मशीनवर पॉवरटॉइज घ्यायचं तर तो मोठा इन्स्टॉलर पुन्हा उतरवावा लागतो, तेही बहुधा फोनच्याच नेटवर. शॉर्टकट मी पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या डेस्कटॉपवर टाकले, ११ वर ते तसेच चालले. एफच्या कळा एकदा तपासून घ्या, आणि नवं सेटिंग्ज पान पहिल्यांदा उघडलं की फोन जोडून मीटर्डचं बटण कुठे दिसतं ते मदतनिसाला एकदा दाखवून ठेवा.